मारोतरावाचा हात थकला की काय

मैनाबाईच्या लेकीचं, जयवंताचं, लग्न ज्या माघात झालं, ते साल एकोणीसशे चौपन्न. नवरा मुलगा उमरेडचा, मांडव मात्र नागपुरात, तांडापेठेत, मामांच्या दारी. मैनाबाईच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि चंपतराव नि मारोतराव या दोन भावांशिवाय तिला माहेर असं उरलं नव्हतं. लग्नाला अजून आठवडाभर अवकाश होता, तरी ती लेकीला आणि मोठमोठ्या बोचक्यांना घेऊन येऊन बसली होती. घरात सगळ्यांच्या वर तिचाच आवाज चाले.

त्या घरची एक रीत होती. भाचीचं लग्नाचं लुगडं मामाच्या मागावर, मामाच्या हातानं विणलं जायचं. गांधीबागेतल्या कितीही मोठ्या दुकानातलं असो, विकत आणलेलं लुगडं नवरीच्या अंगाला लागत नसे. आणि ते मागावरून उतरेपर्यंत विणणारा मामा आणि त्याला सुताच्या कांड्या भरून देणारी मामी, एवढी दोघं सोडून कोणी मागाच्या खोलीत पाय टाकायचा नाही. कापडाला नजर लागते म्हणत.

थोरले चंपतराव सुताच्या व्यापारात पडल्यापासून मागावर बसत नव्हते. तेव्हा लुगडं मारोतरावाकडे आलं. चंपतरावांनी ताकीदही दिली होती, "लुगडं उतरेपर्यंत व्यायामशाळा बंद. आधी भाची, मंग मुक्केबाजी."

पण त्या माघात मागावर मामा नव्हता. मामी होती.

झालं असं होतं. पहिल्याच दिवशी ताण्यातला एक धागा तुटला. शंभर नंबरी सूत, केसासारखं. मारोतरावानं दोन्ही टोकं डोळ्यांजवळ धरली, मग लांब केली, मग खिडकीकडे वळला. "दिवा लाव वं," तो म्हणाला. भर दुपार होती. त्याची बायको अनुसया कांडी भरता भरता पाहत राहिली. तिनं उठून टोकं हातात घेतली आणि चिमटीत गाठ मारून दिली. थोड्या वेळानं दुसरा धागा तुटला, तेव्हा तोच प्रकार. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "सरका."

अनुसयेच्या बापाला मुलगा नव्हता. उमरेडला त्यानं या लेकीलाच मागावर बसवलं होतं. सासरी बायकांनी मागावर बसायची पद्धत नव्हती म्हणून ती इतकी वर्षं नुसत्या कांड्या भरत आली, पण हात काही विसरला नव्हता. तेव्हापासून रोज ती आत विणायची आणि मारोतराव मागच्या दारानं गल्लीत उतरून कामठी रस्त्यानं पळायला जायचा. भिंतीपलीकडे घर समजायचं, मारोती विणून राहिला.

पळायचं कारण मोठं होतं. येत्या रविवारी कामठीच्या मैदानावर प्रांताच्या ढालीसाठी मुक्केबाजीची लढत होती. लढाईच्या काळात मारोतराव कामठीच्या छावणीत तंबू शिवायला गेला आणि एका गोऱ्या सार्जंटकडून मुक्केबाजी शिकून आला, ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की सांगणारेही आता त्यात भर घालायला कंटाळले होते. दहा वर्षं तो नागपूरचा पहिला मुक्केबाज होता. पण आता चाळिशीला टेकला होता. समोर होता बिलासपूरचा एक रेल्वेवाला, इंजिनात कोळसा ओढणारा फायरमन, पंचविशीचा गडी. व्यायामशाळेचे चिटणीस मधुकरराव आज संध्याकाळी नाव विचारायला येणार होते. मारोतराव, की चंपतरावांचा मुलगा गिरिधर? तोही काकाच्या हाताखाली तयार झाला होता.

"जाऊ?" मारोतरावानं मागच्या दाराची कडी काढत विचारलं.

"जा. अन् दिवस मावळायच्या आत या. मधुकरराव येऊन राहिले आज."

"घरातले काय सांगतील?"

"मले काय ठावं?"

"तू काय सांगशील?"

"मले कोन विचारते?"

"मी विचारून राहिलो ना."

अनुसयेनं धागा आडवा नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी बसवली. बोलायचं नव्हतं, पण बोलून गेली. "तुमाले हातातला धागा दिसत नाई. त्या फायरमनचा मुक्का दिसन का?"

"नाई दिसला तर लागन. लागला की समजते."

तो हसत निघून गेला. ती हसली नाही. सतरा माणसांच्या तोंडी त्याचं नाव होतं, पण ही गोष्ट तिला एकटीला ठाऊक होती. आंधळ्या माणसाला रिंगणात ढकलायचं, की घरासमोर त्याची लाज काढायची? यातलं काहीही केलं तरी तो तिचाच नवरा. आपल्या बोलण्यावाचून कोणी त्याला थांबवलं तर बरं, असं तिनं मनाशी म्हटलं आणि धोटा टाकला.

दुपार कलली तशी भिंतीपलीकडच्या पडवीत माणसं जमली. मातीची भिंत, त्यातून सगळं ऐकू यायचं. आधी खाट करकरली, म्हणजे रुपराव काका बसले. काका म्हणजे चंपतराव-मारोतरावांचे चुलते. उमर गेली मागावर आणि आखाड्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण ज्याला दिसत नाही त्याला जास्त ऐकू येतं, असं घरात सगळे मानत. काकाही मानत.

"चंपत," काका म्हणाले, "मारोतीचा हात ऐकून राहिला का?"

"ऐकतो ना."

"पहिले हा माग कसा बोले? एकावर एक. आता पाह्य. धोटा टाकते, थांबते. फणी ओढते, थांबते. मधात श्वास घेते. हात थकला गा याचा."

आत अनुसयेचे कान तापले. ती हळू विणत होती, कारण रेशमाचा पदर चालला होता आणि रेशीम ओढलं की चुरगळतं. एका वाक्यात म्हाताऱ्यानं दोघांचा अपमान केला होता, आणि ज्याचा करायचा होता तो तर घरातच नव्हता.

"मी तं कधीची सांगून राहिली," हा सुभद्रेचा आवाज. सुभद्रा म्हणजे चंपतरावांची बायको, अनुसयेची थोरली जाऊ. "ताटात पोळी अर्धी ठेवते भाऊजी. जेवता येत नाई तो मारन काय?"

'वजन वाढू नये म्हणून ठेवतात,' अनुसया मनात म्हणाली.

"अन् घोरतही नाई आता," मैनाबाईनं भर घातली. "पहिले तो घोरला की गल्लीतले कुत्रे उठत. काल मी रातभर वाट पाह्यली. काईच नाई!"

"घोरन्याचा काय संबंध, मैनाबाई?" चंपतराव म्हणाले.

"दादा, छातीत दम असन तं घोरन ना!"

"ओट्यावर चढताना गुडघ्याले हात लावते," चंपतरावांनी शेवटी आपलंही सांगून टाकलं. "मी पाह्यलं. माहा भाऊ आहे म्हनून बोललो नाई."

"मंग बोला आता!" सुभद्रेला जोर आला. "माहा गिरिधर काय वाईट आहे? जवान पोट्टा. ढाल घरातच येते. काका नाई तं पुतन्या."

"मले कोनी विचारलं का, आई?" गिरिधर कोपऱ्यातून म्हणाला.

"तुले काय विचाराचं? तू गप्प बस."

सगळं अनुसयेच्या मनासारखं घडत होतं. घरच त्याला थांबवून राहिलं होतं. तिनं फक्त असंच हळू विणत राहायचं होतं. काका अजून एकदा मान हलवतील, मधुकरराव येतील, गिरिधरचं नाव जाईल आणि मारोतरावाचं डोकं शाबूत राहील. पण ती 'जेवता येत नाई'वाली गोष्ट तिला झोंबली होती. गुडघ्याची त्याहून जास्त. या घरासाठी दहा वर्षं ज्यानं तोंडावर मार खाल्ला, त्याचं घोरणं मोजत होते लोक. तिचा पाय मागाच्या पट्टीवर पडला तो जोरात पडला. रेशमी पदर संपून लुगड्याच्या अंगाचं सूत सुरू झालं होतं. तिनं अंगावरचा पदर खोचला आणि हात सोडला.

खट् खटक्, खट् खटक्.

"थांबा!" काका ओरडले. "चूप बसा सगळे!"

काकांनी भिंतीला कान लावला.

"ऐका," काकांचा आवाज बदलला होता. "हे पाह्य. आता कसा चालून राहिला! मी म्हनलो थकला, पन थकला नव्हता गा. तापाले वेळ लागला. आता हा माग तिशीतल्या मानसाचा बोलून राहिला."

"आता तं तुमी म्हनले का थकला," सुभद्रा म्हणाली.

"मी म्हनलो 'थकला की काय'. इचारलं मी."

मैनाबाई खो खो हसली. तेवढ्यात मधुकरराव आले. टोपी काढून बसले, पाणी प्याले, लग्नाची विचारपूस केली आणि मुद्द्यावर आले.

"फायरमन काल कामठीले उतरला. पाहून आलो मी त्याले."

"कसा आहे?" चंपतरावांनी विचारलं.

"चंपतराव, दाराएवढा आहे. मान नाईच. खांद्यावर डायरेक्ट डोक्शं. मागच्या महिन्यात जबलपूरच्या गड्याच्या जबड्यावर मारलं, तं तो बिचारा अजून पेज पिऊन राहिला."

मग सुभद्रेच्या बांगड्या वाजल्या.

"गिरिधरची आंग धरायची उमर आहे अजून," ती म्हणाली.

"आंऽऽ?" चंपतराव.

"तं काय! पोराचं लगन व्हाचं आहे. जबडा गेला तं पोरगी कोन देईन? भाऊजी उतरतील. हात ऐका त्याईचा! काकाजी, सांगा ना तुमी, तिशीतला हात आहे का नाई?"

"तिशीतला," काका म्हणाले. "एखादा वर्ष कमीच."

"आता घडीभराआधी तूच म्हनत होती पोट्टा जवान आहे," चंपतराव चिडले. बायको पोराला भित्रा ठरवते आहे, तेही बाहेरच्या माणसासमोर, हे त्यांना लागलं. "काहून नाई उतरनार गिरिधर? माहा पोरगा काय मातीचा आहे? मारोतीचे गुडघे गेले, मी डोयानं पाह्यले!"

"गुडघ्यानं मारते का मुक्का?"

"पोळी ठेवते म्हनत होती ना तू!"

"ठेवन तं ठेवन! माझ्या हातची पोळी आहे, मीच जाड करते."

गिरिधर उठून उभा राहिला. "बाबा, दिवाळीत मी मारोती काकांसंग खेळलो. माहा एक हात त्याईले लागला नाई. त्याईचे मले सगळे लागले. मी उतरू का नाई ते तुमी ठरवा, पन मी सांगतो ते हे."

"ऐका, ऐका," मधुकरराव म्हणाले. "वाद राहू द्या. मी पन ऐकतो. काका, शांत करा सगळ्याईले."

आणि मग सगळं घर भिंतीकडे तोंड करून बसलं. अनुसयेला ते दिसत नव्हतं, पण शांततेवरून समजलं. तिनं जीव ओतला. मघाशी मागच्या गल्लीत कोणीतरी काहीतरी धडाधड टाकलं होतं, तिकडे तिचं लक्षही गेलं नव्हतं. कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि ती हसत होती. सासरच्या दारात पहिल्यांदाच तिच्या हाताला दाद मिळत होती, नाव कोणाचंही असो.

"वाऽऽ," मधुकरराव म्हणाले.

"हा मारोतीचा हात!" काका.

"काय ऐकून राहिले गा सगळे?"

आवाज पुढच्या दारातून आला. मारोतरावाचा.

मांडवाचे बांबू आले होते आणि गाडीवाल्यानं ते मागच्या दाराला टेकवून ठेवले होते. मारोतराव घामानं निथळत, हातात वहाणा घेऊन, पुढून आला होता. आणि माग खट् खटक् चालूच होता. अनुसयेच्या कानावर नवऱ्याचा आवाज आला, पण हात थांबायला आणखी दोन धोटे गेले.

सगळ्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"मंग," मैनाबाई हळूच म्हणाली, "आत कोन आहे?"

"भूत!" सुभद्रा किंचाळली आणि गिरिधरच्या मागे गेली.

मैनाबाई धावत खोलीच्या उंबऱ्यापाशी आली आणि रीत आठवून तिथेच एका पायावर थांबली. "वहिनी? तू आहेस का वं?"

अनुसया नाकापर्यंत पदर ओढून बाहेर आली. केसांत, भुवयांवर कापसाची लव. भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, ती कधी बोलत नसे. चंपतरावांना काही सांगायचं तर सुभद्रेकडे तोंड करून सांगायची. ती उंबऱ्यात मान खाली घालून उभी राहिली.

मैनाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मारोतरावाकडे पाहिलं, मग खाटेवर बसलेल्या काकांकडे पाहिलं. आणि तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. ती भिंतीला धरून खाली बसली. "काकाजी! तिशीतला हात! एखादा वर्ष कमीच!"

"हसू नको," काका म्हणाले. मग स्वतःच हसायला लागले. दात नव्हते, त्यामुळे हसू सगळ्या तोंडभर पसरलं. "साठ वर्षं माग ऐकले मी. बाईच्या हातावर पैलवानाचा निकाल देला! पन हात चांगला आहे हो. ते मी बरोबर सांगतलं."

चंपतराव मात्र हसले नाहीत. "घरची रीत मोडली," ते भिंतीकडे पाहून म्हणाले. "मामानं विनाचं लुगडं मामीनं विनलं. आन् तू, मारोती, चोरून पयत होता. काहून?"

अनुसयेला वाटलं, आता तो काहीतरी थाप मारेल आणि सुटेल. पण त्यानं वहाणा खाली ठेवल्या आणि सरळ सांगितलं, "दादा, मले धागा दिसत नाई."

"म्हंजे?"

"जवळचं दिसत नाई. तुटलेलं सूत दिसत नाई. अनुसया नसती तं जयवंता उघडी लग्नाले उभी राह्यली असती."

सुभद्रेनं तोंडावर हात घेतला. मधुकररावांनी टोपी उचलून मांडीवर ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. "मारोतराव, असं असन तं मी तुमचं नाव कसं सांगू? डोळे नाई तं..."

अनुसयेला जे हवं होतं ते दुसऱ्यांदा समोर आलं होतं. फक्त गप्प राहायचं होतं. पण तिनं त्याचं तोंड पाहिलं. तो वाद घालत नव्हता. आपल्याबद्दल लोक काय ठरवतात याची वाट पाहत उभा होता, जसा पोरगा परीक्षा देऊन मास्तरांसमोर उभा राहतो. आणि तिच्या लक्षात आलं की ती इतके दिवस घाबरून होती, पण तिनं खरोखर पाहिलं कधीच नव्हतं. धागा दिसत नाही म्हणजे काही दिसत नाही, असं तिनंही इतरांसारखंच ठरवून टाकलं होतं. कोष्ट्याच्या घरात डोळा म्हणजे धाग्याचा डोळा. दुसरा डोळा असतो असं कोणाला वाटतच नव्हतं.

ती आत गेली आणि कांड्यांची टोपली घेऊन अंगणात आली.

"जाऊबाई," ती सुभद्रेकडे तोंड करून म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "याईले म्हनावं तिथं तुळशीपाशी उभे राहा."

"काय करून राहिली वं?" मारोतरावानं विचारलं.

"उभे राहा ना."

तो उभा राहिला. तिनं एक कांडी उचलली आणि फेकली. हलकेच. त्यानं झेलली.

"हे तं मीही झेलीन," चंपतराव म्हणाले.

अनुसयेनं दुसरी जोरात फेकली. त्यानं झेलली. तिसरी त्याच्या डाव्या अंगाला, चौथी गुडघ्याशी. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून ती दया दाखवत नव्हती. चुकावी असंही तिला वाटत होतं आणि चुकू नये असंही, आणि हे दोन्ही ती एकाच हातानं फेकत होती. मारोतराव झेलत गेला. आधी उभा राहून, मग पायांवर नाचत. त्याचं तोंड उजळलं. हसायला लागला. मैनाबाई टाळ्या पिटायला लागली.

"मारोतीदादाले पाह्य वं, कसा उडून राहिला!"

"गुडघे?" सुभद्रेनं नवऱ्याला डिवचलं.

"गप्प बस," चंपतराव म्हणाले, पण पुढे सरकून बसले.

अनुसयेनं थांबल्यासारखं केलं. मारोतराव हातातल्या कांड्या सुभद्रेला द्यायला वळला, आणि त्याच क्षणी अनुसयेनं सगळा जोर लावून शेवटची कांडी सरळ त्याच्या कपाळावर फेकली. त्याचे हात भरलेले होते. त्यानं फक्त डोकं बाजूला केलं, माशी वारावी तेवढंच. कांडी त्याच्या कानाजवळून गेली आणि मागच्या तांब्याच्या घंगाळावर ठण्णकन् आदळली.

"काय झालं?" काका ओरडले. "कोनाले लागलं?"

"कोनालेच नाई, काकाजी," अनुसया म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्यांसमोर, पदर नाकावरून खाली घसरलेला असताना, सरळ बोलली. "याईले लांबचं दिसते. तुमच्यापेक्षा, माह्यापेक्षा चांगलं दिसते. हातभर लांब असन तं मुक्का निघाच्या आधी दिसते. पन बिलगला मानूस तं दिसत नाई. तो फायरमन लांब राह्यला तं हे जिततील. जवळ आला तं मार खातील. आता तुमी ठरवा."

चंपतराव मधुकररावांकडे वळले. "मारोतीचं नाव सांगा."

"अन् लुगडं?" सुभद्रेनं विचारलं. "रीत?"

"लेक माही आहे," मैनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एवढं लुगडं मामीनं विनलं ना? मंग उरलेलं बी तीच विनन. मामा जाईन पयाले. अन् आता पुढच्या दारानं जा हो, बांबू हलवाले मानूस नाई."

रविवारी सगळं घर कामठीला गेलं. बायकांनी अशा जागी जायची पद्धत नव्हती, पण त्या आठवड्यात इतक्या पद्धती मोडल्या होत्या की कोणी बोललं नाही. अनुसया, सुभद्रा आणि मैनाबाई बैलगाडीतच बसून राहिल्या, गाडी मैदानाच्या कडेला उभी करून. काका त्यांच्यात. "मले सांगत राहा," ते म्हणत होते.

फायरमन मधुकररावांनी सांगितला होता तसाच होता. पहिल्या फेरीत मारोतरावाचा डावा हात त्याच्या तोंडासमोर राहिला, घराच्या दाराला कडी असते तसा. फायरमन यायचा, कडी लागायची. तांडापेठेची पोरं नाचत होती. दुसऱ्या फेरीत फायरमननं डोकं खाली घातलं आणि आत घुसला. छातीला छाती लागली. मारोतरावाची मान इकडची तिकडे फिरायला लागली. अनुसयेला दिसलं, तो शोधत होता. मागावर टोक शोधायचा, तसाच.

"काय झालं? काय झालं?" काका विचारत होते. कोणी उत्तर देईना. भुवई फुटली, रक्त आलं.

अनुसया गाडीत उभी राहिली. पदर पडला. "लांब!" ती ओरडली. "हातभर लांब राहा! हातभर!"

सगळं मैदान वळून पाहायला लागलं. चंपतराव पुढच्या रांगेत होते. त्यांनी भावजयीचा आवाज ओळखला, मागे पाहिलं, आणि मग स्वतःच फेटा हातात घेऊन ओरडले, "हातभर, मारोत्या! हातभर!" तांडापेठेच्या पोरांना काही समजलं नव्हतं, पण घोषणा मिळाली होती. हातभर, हातभर, असा एकच गजर उठला. मारोतरावानं दोन्ही हातांनी फायरमनला ढकललं आणि मागे झाला.

तिसऱ्या फेरीत त्याचे पाय जड झाले होते, हे अनुसयेला गाडीतूनही दिसलं. त्या पायांनी तो आणखी एक फेरी उभा राहिला नसता. पण तिथे चौथी फेरी नव्हती. तो दोरांच्या कडेकडेनं मागे मागे फिरत राहिला आणि फायरमन जवळ येऊ पाहील तेव्हा तेव्हा डावा हात पुढे करत राहिला. घंटा वाजली. पंचांनी कागद पाहिले, मारोतरावाचा हात धरला आणि वर केला.

मैनाबाईनं काकांच्या टकलाचा मुका घेतला. सुभद्रा रडत होती आणि गिरिधरला मारत होती, का ते तिलाही ठाऊक नव्हतं. चंपतराव फेटा मैदानात हरवून परत आले.

परतताना मारोतराव गाडीत आडवा पडला होता, भुवईवर हळद. "आता सांग," तो अनुसयेला म्हणाला. "त्या दिवशी मी इचारलं होतं, तू काय सांगशील. हात थकला का?"

"हात नाई. पाय थकले."

"मंग?"

"मंग हे शेवटचं. गिरिधरले शिकवा आता. त्याले जवळचंही दिसते."

"माह्या पोराचा जबडा!" सुभद्रा म्हणाली, आणि गाडीतले सगळे हसायला लागले. मारोतरावाला हसताना भुवई दुखत होती, तरी तो हसत राहिला, आणि त्यानं होय म्हटलं. तो पुन्हा रिंगणात उतरला नाही.

काका मात्र गाडी घरी पोचेपर्यंत तिन्ही फेऱ्या परत परत सांगायला लावत होते, आणि मधेच म्हणत होते, "बाई ओरडली तेव्हाच मले समजलं होतं."

रुपराव काका त्याच साली गेले. एकोणीसशे चौपन्नच्या पोळ्याचा दुसरा दिवस होता. गावाची इडापिडा घेऊन जाणारी मारबतीची मिरवणूक गल्लीतून वाजत गेली, ती त्यांनी खाटेवर बसून ऐकली, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत ते गेले होते.